आधी गाडी, मंग राम राम

उकंडाकाकांचा मेसेज पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हा माणूस कोणावर तरी तापलेला आहे. मेसेज एवढाच होता: ‘मेडशी. उद्या गाडी सकाळी सहाले. फाट्यावर. सांबार, मेथी, वांगे. टमाटे आनू नोका.’ संपलं. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, एवढंच. वर नमस्कार नाही, खाली धन्यवाद नाही. हात जोडलेले नाहीत, फूल नाही, उगवता सूर्य नाही. एक अक्षर जाड केलेलं नाही की तिरपं केलेलं नाही. पाटीवर पेन्सिलीनं लिहावं तसं सगळं सारखं.

पण एक झालं, तो मेसेज मला एका दमात वाचता आला. मी आठवी अर्धवट सोडलेली बाई. बाबा वारले आणि वावरात मायच्या बरोबरीनं उभं राहायला कोणीतरी पाहिजे होतं, म्हणून दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. मला वाचता येतं, पण अक्षरं सुटी आणि साधी पाहिजेत. कोणी जाड केली की माझ्या तडकलेल्या काचेच्या फोनवर घ आणि ध, भ आणि म एकमेकांच्या अंगावर पडतात. नक्षीची अक्षरं असली तर मी सोडूनच देते. आणि सोडून दिलं की दिवसभर जीवाला लागून राहतं, काय होतं त्यात, कोणाचं काय झालं असेल. माझा स्वभावच तसा. फोन वाजला की आधी वाईट मनात येतं.

मी राहते गुजरातेत, टाइल्सच्या कारखान्याच्या खोल्यांमध्ये. नवरा भट्टीवर, मी पॅकिंगला. इथल्या पाट्यांवरच्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे आल्या आल्या मला सगळा गाव उघड्या डोक्यानं फिरत असल्यासारखा वाटायचा. माय राहते मेडशीला, एकटी. गावाबाहेर आमचा भाजीचा तुकडा आहे, तेवढा ती करते. तिला वाचता येत नाही, आणि फोनवर ती अंगात ताप असला तरी ‘बरी हाय’ एवढंच म्हणते. म्हणून मी गावच्या भाजीवाल्यांच्या ग्रुपवर शिरले. मला काही विकायचं नव्हतं. गाडी निघाली की काका कोणाचा माल चढला ते लिहायचे. त्यात मायच्या नावानं ‘गोकर्णाचे वांगे’ असं दिसलं की मला कळायचं, माय उठली, वावरात गेली, फाट्यापर्यंत चालत आली. मग माझा दिवस सुरू व्हायचा.

हे उकंडाकाका म्हणजे रिटायर होईपर्यंत आमच्या वाशीमकडच्या मालेगाव स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायचे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून यांचं नाव उकिरड्यावरून उकंडा ठेवलं, की मरणाची नजर जाऊ नये. काका ते स्वतःच सांगायचे. “नाव साधं ठेवलं म्हनून टिकलो. सजवलं असतं तं कवाच उचललं असतं.”

स्टँडवर त्यांची पद्धत ठरलेली. कुठली गाडी, कुठे जाणार, कोणत्या फलाटावर. तीनदा सांगायचं आणि माइक बंद. त्यांच्या जोडीला एक जण होता, तो आधी ‘सर्व प्रवासी बंधू-भगिनींना सूचना देण्यात येते’ असं सुरू करायचा, आणि त्याची गाडी सांगून होईपर्यंत खरी गाडी वळणावर गेलेली असायची, असं काका म्हणत. “म्हातारं मानूस पोतं घेऊन पळून राह्यलं, अन् हा बंधू-भगिनी करून राह्यला. आधी गाडी सांग ना बाप्पा. मंग राम राम कर, पानी पी, काय करायचं ते कर.” आधी गाडी, मंग राम राम. हे त्यांचं पालुपद. भाजीच्या ग्रुपवरही तेच चालायचं. फोटोत लिहायचं नाही, कारण वावरात रेंज नसते आणि फोटो उघडत नाही. तारे, फुलं, झालरी लावायच्या नाहीत, कारण निम्म्या लोकांचे फोन जुने, त्यावर चौकोनच उमटतात. पहिला शब्द गावाचा. मग काम.

मी लग्न होऊन इकडे यायला निघाले तेव्हा काका नोकरीतच होते. मालेगाव स्टँडवर मी मायच्या गळ्यात पडून रडत होते, नवरा बॅगा घेऊन लांब उभा, काय करावं त्याला सुचेना. अकोल्याची गाडी लागली. काकांनी ती तीनदा पुकारली. माइक बंद होण्याची कट्ट आली नाही. मग आवाज आला, “खिडकीजवळची जागा धरा. उलटी होत नाही.” सगळा स्टँड हसला. माय पण हसली. ते मलाच म्हणाले का, मी कधी विचारलं नाही. पण मी खिडकी धरली.

काकांचं साधं लिहिणं नेहमी सरळच जायचं असं मात्र नाही. एकदा त्यांनी लिहिलं, ‘मेडशी. नारायण गेला.’ एवढं पाठवलं आणि पुढची ओळ लिहिली, ‘कारंज्याले, गाडीसंग.’ ती पाठवायला गेले तर रेंज गेली. नारायणदादा गाडीवर माल उतरवायला जातो, त्या दिवशी तो ड्रायव्हरच्या शेजारी बसून कारंजाला निघाला होता. पण ग्रुपवर तो गेलेलाच. बाया पदर डोळ्याला लावून त्याच्या घरी पोचल्या. त्याची बायको ओसरीत मेथी निवडत बसलेली. तिला कळेना ह्या रडतात काहून. कळलं तेव्हा म्हणाली, “अवं बायांनो, मरेल मानूस सकाळी भाकरी बांधून नेते का? चटनी कमी हाय म्हनून मले बोलून गेला.” मी इकडे पॅकिंगच्या टेबलाला टेकून रडले ते वेगळंच.

काकांना ते लागलं. म्हणाले, “स्टँडवर असतो तं वरून इचारना झाली असती. गेलेली गाडी कुठं गेली हे सांगाच लागते.” त्यानंतर त्यांनी ‘गेला’ हा शब्द गावाच्या नावाशिवाय कधी लिहिला नाही.

पण तेवढ्यात गोपालला संधी सापडली. गोपाल काकांचा पुतण्या. मालेगावात बॅनरच्या दुकानात डिझाइन करतो, घरचा भाजीपालाही बघतो. हाताला कला आहे त्याच्या, हे खरं. तो म्हणाला, “काका, तुमचं लिहिनं म्हंजे तलाठ्याची नोटीस. जरा सजवा. लोकाइले वाचाव वाटलं पायजे.”

“लोकाइले वाचाव नाही वाटत बाप्पा, भाजी विकाव वाटते.”

“पन विकतानी बी तं आपन वांगं पुसूनच ठेवतो ना?”

हे काकांना पटलं म्हणे. मग त्यांनी ग्रुप गोपालच्या हाती दिला. “घे. माइक तुह्याजवळ. फक्त गाऊ नोको.”

गोपालनं गायलाच सुरुवात केली. सकाळी सूर्यफुलं, संध्याकाळी समई, मधे कुठंतरी गाडी. लोकांना आवडायचं. मलाही पाहायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. घरच्या आठवणीत रंग बरा वाटतो. फक्त गाडी सापडायला वेळ लागायचा, आणि मायची वांगी सापडायला त्याहून जास्त.

मग ती झालर झाली. गोपालनं एकदा ‘गाडी सकाळी सहाले फाट्यावर’ या ओळीच्या दोन्ही टोकांना लाटेसारखी वळणाची खूण लावली, अगदी अक्षराला चिकटून. त्याच्या मनात आमंत्रणपत्रिकेची झालर. पण फोनच्या भाषेत त्या खुणेचा अर्थ वेगळा. त्या दोन खुणांच्या मधे जे असेल त्यावर फोन आडवी रेघ मारतो. नव्या फोनवर सगळ्यांना दिसलं की गाडीवर काट मारली आहे. गाडी रद्द, असं समजून ते घरी राहिले. जुने फोन बिचारे काट मारायला शिकलेले नव्हते. त्यांना नुसत्या दोन लाटा दिसल्या, ते लोक माल घेऊन आले. आणि माय आली, कारण तिला वाचताच येत नाही, ती रोजच येते. उरलेल्यांच्या घरी त्या दिवशी दोन्ही वेळा मेथी.

काका गोपालवर ओरडले नाहीत. फाट्यावर सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, “तुनं झालर लावली, फोननं काट मारली. जाऊ दे. नारायणाले तं म्या जित्तं मारलं होतं.” लोक हसले, गोपालही हसला, आणि दुसऱ्या दिवशी परत सूर्यफुलं.

पुढचं मात्र माझ्या जीवावर बेतलं. मला सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी प्रवास करू नको म्हणून सांगितलेलं, त्यामुळे मेडशी फोनमध्येच होती तेवढी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोलीवर आले, ग्रुप उघडला. वर एक फोटो होता. नेट कमी, म्हणून धुरकट. त्या धुरातूनही एवढं दिसत होतं की मधे एक गोल आहे, गोलात माझी माय आहे, आणि गोलाला दोन्हीकडून झेंडूची माळ आहे. फोटोतलं लिहिलेलं लागत नव्हतं. खाली जाड अक्षरांत ‘कळविण्यास अत्यंत’ आणि तिथं मेसेज घडी घातलेला, ‘पुढे वाचा’. त्याच्याखाली गावातल्या लोकांचे जोडलेले हात, एकाखाली एक.

‘कळविण्यास अत्यंत’ याच्या पुढं काय येतं, हे आपल्याकडं पोराबाळांनाही माहीत असतं. माझं बोट ‘पुढे वाचा’वर जाईना. मी मायला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. नवरा भट्टीवर, तिथं फोन नेऊ देत नाहीत. मी खाली बसले, पोटावर हात ठेवून. पोटातलं हलत होतं, आणि मला एकच वाटत होतं, हिनं आजीला पाहिलंच नाही. मुलगी आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं, पण मनात ‘हिनं’ असंच आलं.

फोन परत वाजला. ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या नावानं. उकंडाकाका.

‘रेखा. तुही माय बरी हाय. माह्यासमोर उभी हाय. वांग्याले पयला नंबर भेटला. तिचा फोन चार्जिंगले हाय. मंग बोलते.’

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगत नाही. सुटी सुटी, साधी अक्षरं. एकही शब्द अडला नाही. ‘माह्यासमोर उभी हाय’ इथं तर मी बोट ठेवूनच बसले, जसं काही बोट उचललं तर माय जागची हलेल.

वाशीमच्या भाजीपाला प्रदर्शनात मायच्या वांग्यांचा पहिला नंबर आला होता. गोपाललाच आनंद झाला म्हणून त्यानं घाईनं फोटो सजवून टाकला. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ असंच होतं पुढं. जोडलेले हात अभिनंदनाचे.

संध्याकाळी मायचा फोन आला. मागं काका आणि गोपाल दोघं बोलताना ऐकू येत होते. फाट्यावरच्या हॉटेलात बसले होते सगळे.

“तुही फ्रेम तं पाह्य,” काका म्हणत होते. “गोकर्णा माह्या बाजूले उभी असून मले धस झालं. मंग म्हटलं, जे बाजूले नाही त्या पोरीचं काय होईन.”

“आमच्या दुकानात फ्रेम एकच हाय ना काका. वाढदिवस, निवडनूक, तेरवी, सारं त्यातच बसवतो.”

“तेच तं. फलाट एक अन् गाड्या तीन. मानसानं कोनत्या गाडीत चढाव?”

मग गोपालनं फोन घेतला. आवाज उतरलेला. “ताई, दुःख नव्हतं वं, आनंद होता. दाबून तं पाहाचं होतं.”

मी म्हटलं, “दाबवलं नाही रे भाऊ.” तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

मायला मात्र या सगळ्याचं काहीच नाही. ती म्हणाली, “काहून रडून राह्यली वं? मी तं फोटोत लय चांगली दिसून राह्यली. एवढी झेंडूची माळ जितेपनी कोनाले भेटते?” काका हसले, मग ती हसली, मग मीही.

ग्रुप परत काकांकडं द्यावा असं काहींचं म्हणणं पडलं. काकांनी घेतला नाही. म्हणाले, “पोराचा हात चांगला हाय. फक्त फुलं खाली लाव म्हना. वर गाडी.” तेव्हापासून गोपाल तसंच करतो. पहिली ओळ कोरी, साधी, गावाच्या नावानं सुरू होणारी. तिच्याखाली पाहिजे तेवढी सूर्यफुलं, समया, मोर. पहिली ओळ मी वाचते, आणि मग निवांत मोर पाहते. दोन्ही आता मला पुरतात.

त्या दिवसानंतर काका मला रोज एक ओळ पाठवू लागले. ‘मेडशी. माय बरी. वांगे चढले.’ कधी ‘माय बरी. थोडी सर्दी.’ सर्दी लिहायचे, हे मला फार वाटायचं. लपवत नव्हते, म्हणून ‘बरी’वर विश्वास बसायचा. मी मात्र कधी उत्तर लिहिलं नव्हतं. ग्रुपवर तर नाहीच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, लोक हसतील, मुकी राहिलेली बरी. फोनवर एकदा तसं बोलले तर काका म्हणाले, “साध्या लिहिन्यात चूक बी साधीच असते वं. कोनाले दिसत नाही. चूक सजवली की दिसते.”

बाळंतपण इथंच झालं. पहाटे मुलगी झाली. मायला कोणी कसं कळवायचं, हा प्रश्न नवऱ्याला पडला, कारण तिचा फोन नेहमीसारखा बंद. मी म्हटलं, फोन द्या इकडं. मला काय लिहायचं ते माहीत होतं. इतके दिवस रोज तेच तर वाचत होते. गाव, मग काम. ग्रुपवर लिहिलं:

‘मेडशी. मुलगी झाली. दोघी बऱ्या. रेखा.’

पुढचं मायनं सांगितलं. ती सांबाराच्या वाफ्यात होती. काका फाट्याकडून आले ते बांधावरच थांबले आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारलं, “मेडशी. मुलगी झाली. दोघी बऱ्या.” तीनदा. आजूबाजूच्या वावरांतली माणसं उभी राहिली. माय म्हणाली, “पयल्या हाकेतच ऐकू आलं होतं मले. पन भाऊजीनं तीनदा सांगतलं तं तीनदा ऐकलं.”

इकडे ग्रुपवर अभिनंदनं सुरू झाली. गोपालनं पाळणा टाकला, फुलं टाकली, अर्थात पहिली ओळ साधी लिहून. आणि मग काकांचा मेसेज आला. एक शब्द आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा.

‘* आनंद *’

ज्या माणसानं उभ्या जन्मात मेसेजवर एक टिंब फालतू लावलं नव्हतं, त्यानं तारे लावले होते. फक्त ते अक्षराला चिकटवले नव्हते, मधे जागा सोडली होती. तशी जागा सोडली की फोनला खूण कळत नाही. अक्षर जाड होत नाही, तारे तसेच उभे राहतात, दाराच्या दोन बाजूंना दोन पणत्या ठेवाव्यात तसे.

गोपालला राहवलं नाही. त्यानं लगेच लिहिलं, ‘काका, तारा चिकटवून लावा लागते. मंग अक्षर जाड होते.’

काकांचं उत्तर आलं.

‘राहू दे बाप्पा. मले तारेच पायजे होते.’